आठवा रकाना

“इतके दिवस कोठे होतात?” हा प्रश्न आमच्या मुलखातील पोलीस ठाण्यात ज्याने ऐकला नाही असा फिर्यादी विरळा. व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य प्रश्नार्थक आहे; व्यवहारात तो निकाल असतो. विचारणारा उत्तराची वाट पाहत नाही, लेखणी उचलीत नाही, समोरच्यास बसावयासही सांगत नाही. ज्याचे काही लुटले गेले आहे असा मनुष्य तीन दिवसांनी, तीन महिन्यांनी किंवा तीन वर्षांनी धीर करून ठाण्याची पायरी चढतो, आणि आत पाऊल टाकताच आपणच आरोपीच्या जागी उभे आहोत असे त्यास कळून चुकते. या प्रश्नाचा समाचार घ्यावा असे मी पुष्कळ दिवस मनात धरले होते. ऑक्टोबर २०२५ नंतर तो विचार पुढे ढकलणे मला लाजिरवाणे वाटू लागले.

त्या महिन्यात घडलेली गोष्ट सर्वांच्या कानी गेली आहे. आमच्या वडवणी तालुक्यातली एक तरुण मुलगी वैद्यकशास्त्र शिकून सातारा जिल्ह्यात फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करीत होती. २३ ऑक्टोबर २०२५ रोजी फलटणमध्येच तिचा मृत्यू झाला. तिच्या तळहातावर मजकूर लिहिलेला आढळला. एका पोलीस उपनिरीक्षकाने आपल्यावर चार वेळा बलात्कार केला, दुसऱ्या एका इसमाने मानसिक छळ केला, आणि हे पाच महिने चालले, असा त्याचा आशय. त्या उपनिरीक्षकास निलंबित करण्यात आले; दोघांसही अटक झाली; पुढे विशेष तपास पथक नेमले गेले. तिचे नाव मी लिहीत नाही. ते लिहिण्यास कायद्याची मनाई आहे, आणि मनाई नसती तरी लिहिले नसते. आरोप खरे की खोटे हे ठरविण्याचे आसन न्यायालयाचे आहे. त्यावर बसण्याची मला हौस नाही.

मला बोलावयाचे आहे ते त्या दिवसांत वडवणीत चहाच्या दुकानात जे ऐकले त्याविषयी. बोलणारे दुष्ट नव्हते. मुलीच्या मरणाने ते खरोखरच हळहळत होते. त्यांपैकी दोघे तर माझ्याच हाताखालून पदवीधर झालेले. तरी हळहळ संपताच एकाने तो प्रश्न टाकला आणि बाकीच्यांनी मान डोलावली: “पण मग पाच महिने गप्प का राहिली? आधीच का नाही बोलली?” तिचाच तालुका, तिचीच माणसे, आणि तरी ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा प्रश्न त्यांच्या तोंडी इतक्या सहजतेने आला की तो आपण कोठून उचलला याची कोणास शंकाही आली नाही.

वस्तुतः ती बोललीच नव्हती हेही खरे नाही. वैद्यकीय दाखल्यांच्या बाबतीत पोलिसांकडून आपणावर दडपण येते, अशी लेखी तक्रार तिने जून २०२५ मध्ये फलटणच्या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे केली होती, असे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले आहे. उलट पोलिसांकडूनही तिच्याविरुद्ध तक्रार गेली होती, हेही प्रसिद्ध झाले आहे. ते लपविण्याचे मला कारण नाही. त्या पत्रातील गाऱ्हाणे वेगळे होते, हेही कबूल. परंतु ज्या दारावर लहान गाऱ्हाण्यासाठी थाप मारली आणि आतून कोणी ओ दिली नाही, त्याच दारावर मोठे गाऱ्हाणे घेऊन, तेही त्याच घरातील माणसाविरुद्ध, पुन्हा जावयाचे कोणी? आणि ते किती दिवसांत? चहाच्या दुकानातील माझ्या माजी विद्यार्थ्यांनी या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे. मग उशीर कोणाचा झाला हे आपण मिळून मोजू.

माझे वकील मित्र यावर म्हणतात की, प्राध्यापकमहाशय, भावना बाजूस ठेवा. उशिरा आलेली फिर्याद संशयास्पद असते हे पोलिसांच्या मनचे नाही, तो न्यायशास्त्राचा सिद्धांत आहे. १९७२ साली तुलिया काली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो स्पष्टपणे मांडला आहे: वेळ जातो तसतसा हकिगतीचा ताजेपणा ओसरतो, तिला रंग चढतो, सल्लामसलतीने तिच्यात भर पडते. हे सर्व मला मान्य आहे. मनुष्याची स्मृती ही मातीच्या मडक्यासारखी झिरपणारी वस्तू आहे आणि वैर ही आमच्या खेड्यातली मुबलक पैदास आहे. बांधावरच्या भांडणापायी चार महिन्यांनी सुचलेली फिर्याद मीही पाहिली आहे.

पण ते प्रकरण खुनाचे होते, आणि तो सिद्धांत सांगणारे न्यायालय होते. न्यायालय उशिराचे वजन करते तेव्हा समोर दोन्ही पक्ष असतात, साक्षी झालेल्या असतात, उलटतपासणी झालेली असते, आणि त्या साऱ्याच्या अखेरीस तराजू हाती घेतला जातो. आमचा ठाणे अंमलदार तोच तराजू दारातच उचलतो. एका पारड्यात उशीर टाकतो आणि दुसऱ्या पारड्यात काही पडण्यापूर्वीच निवाडा देतो. न्यायाधीशाचे काम शेवटी, त्याचे सुरुवातीस. न्यायाधीशाने तोलावे, त्याने लिहावे. हा भेद बारीक नाही. बीड जिल्ह्यातल्या शाळकरी पोरासही तो समजावा.

शिवाय न्यायालयाने ‘उशीर म्हणजे खोटेपणा’ असे सरसकट कधी म्हटलेले नाही. १९८१ साली हरपाल सिंग प्रकरणात दहा दिवसांचा उशीर त्याच न्यायालयाने समजून घेतला, कारण त्यात कुटुंबाच्या अब्रूचा प्रश्न होता. १९९६ साली गुरमित सिंग प्रकरणात तर स्त्रीवरील अत्याचाराच्या फिर्यादीस उशीर का होतो, घरात विचारविनिमय का होतो, पाय मागे का ओढला जातो, याचे विवेचन करून अशा उशिराने फिर्याद आपोआप पोकळ ठरत नाही असे सांगितले. माझे वकील मित्र १९७२ चा निकाल तोंडपाठ म्हणून दाखवितात. १९८१ आणि १९९६ चे निकाल त्यांस कोणी विचारल्याशिवाय आठवत नाहीत.

मग १२ नोव्हेंबर २०१३ चा ललिता कुमारी प्रकरणातील निकाल येतो. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की ती नोंदविणे बंधनकारक, त्यात पोलिसांची मर्जी चालावयाची नाही, असे पाच न्यायाधीशांनी एकमताने ठरविले. मात्र काही प्रसंगी नोंदीपूर्वी प्राथमिक चौकशीस मुभा ठेविली, आणि त्या प्रसंगांत उदाहरणादाखल एक असा घातला की, तीन महिन्यांहून अधिक उशीर झाला आहे व त्याचा समाधानकारक खुलासा नाही. ही चौकशीही खबर खरी की खोटी हे पाहण्यासाठी नव्हे. तीतून दखलपात्र गुन्हा दिसतो की नाही एवढ्यापुरतीच, आणि तीही ठरावीक मुदतीत. इतक्या अटींनी बांधलेले हे उदाहरण दिल्लीहून निघून आमच्या ठाण्याच्या टेबलापर्यंत पोहोचता पोहोचता काय झाले ते पाहण्यासारखे आहे. अटी वाटेत गळाल्या, खुलासा गळाला, चौकशीही गळाली, आणि ‘तीन महिने’ एवढे दोन शब्द शिल्लक उरले. “तीन महिने होऊन गेले? मग आता काही होत नाही.” हे वाक्य मी स्वतः ऐकले आहे, आणि ते सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर आपण कायदाच सांगत आहोत असा निर्मळ विश्वास होता.

काही होत नाही हे साफ खोटे आहे. तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यास आपल्या फौजदारी कायद्यात मुदतीचे बंधन नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर घ्यावीच लागते. तिची प्रत फुकट द्यावी लागते. ठाण्याने नाकारल्यास पोलीस अधीक्षकाकडे लेखी पाठविता येते आणि तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. बलात्कारासारख्या काही गुन्ह्यांची खबर न नोंदविणाऱ्या सरकारी नोकरास सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. कायदा इतका स्पष्ट आहे. दारातला प्रश्न मात्र जेथल्या तेथे आहे.

हा प्रश्न आला कोठून, याचा शोध घेता मला आमच्याच इंग्रजी विद्येच्या मुळापर्यंत जावे लागले. तेराव्या शतकातील ब्रॅक्टनच्या नावावर चालत आलेल्या इंग्लिश विधिग्रंथात असे आहे की, बलात्कार झालेल्या स्त्रीने गुन्हा ताजा असतानाच लगेच जवळच्या गावी जावे, तेथील भल्या माणसांस आपले रक्त व फाटलेली वस्त्रे दाखवावीत, मग राजाच्या अधिकाऱ्यांकडे जावे. जिने आरडाओरड केली नाही तिचे खरे कसे मानावे? पुढे सतराव्या शतकात मॅथ्यू हेल या न्यायाधीशाने हेच सूत्र विद्वत्तेच्या भाषेत घोटले, आणि ते इंग्लिश न्यायालयांत शतकानुशतके मुरले. १८७२ साली स्टीफनने आपल्या देशास पुराव्याचा कायदा करून दिला, त्याच्या आठव्या कलमाखालील एका दृष्टांतात घटनेनंतर लवकरच केलेली तक्रार ही संबद्ध गोष्ट म्हणून घातली. लवकर केलेली तक्रार पुरावा आहे, एवढेच तो दृष्टांत म्हणतो. उशिरा केलेली तक्रार खोटी आहे, असे त्यात कोठेही नाही. ते वाचणाऱ्याने घातले. इंग्लंडातील एका मध्ययुगीन गावाची वेस, तेथले भले लोक, ती धावत येणारी बाई, हे सर्व चित्र आपण आपल्या ठाण्याच्या दारात आणून उभे केले आणि आमच्या बाईने त्यात बसावे अशी अपेक्षा करू लागलो. इंग्रजीचे अध्यापन करण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून या उसनवारीचा मला अधिकच संताप येतो.

आणि येथे मला एक कबुली द्यावी लागते. काही वर्षांपूर्वी वर्षअखेरीस माझ्या वर्गातील एक मुलगी मला भेटावयास आली. खेड्याहून येताना एस. टी.त एक इसम जून महिन्यापासून तिला त्रास देत होता. तिचे सांगून संपले नव्हते तोच मी म्हणालो, “अगं, मग इतके दिवस काय करीत होतीस?” अत्यंत कनवाळू स्वरात म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “सर, घरी कळलं तर कॉलेज बंद होईल. परीक्षा झाली, म्हणून आता सांगते.” तिचा हिशेब पक्का होता. तिने सोसण्याची आणि शिकण्याची किंमत समोरासमोर मांडून जूनपासून मार्चपर्यंतचे दिवस विकत घेतले होते, आणि मी तिला दिरंगाईचा जाब विचारीत होतो. ठाण्यातला अंमलदार माझ्या खुर्चीत बसला होता, हे कळावयास मला तिचे उत्तर लागले.

कोणी म्हणेल, लवकर गेली असती तर निदान तिच्यावर विश्वास तरी बसला असता. या भाबडेपणासाठी मी २६ मार्च १९७२ ची रात्र आठवून देतो. तेव्हाच्या चांदा, आताच्या गडचिरोली जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची ती तक्रार. पीडितेचे नाव प्रकट करण्यास बंदी पुढे १९८३ च्या दुरुस्तीने आली. त्या आधीची म्हणून त्या मुलीचे नाव आपल्या कायद्याच्या पुस्तकांत कायमचे अडकून राहिले, आणि प्रकरणही ‘मथुरा प्रकरण’ म्हणूनच ओळखले जाते. ती मुलगी बाहेर येताच बोलली. ठाण्यासमोर जमाव गोळा झाला. ब्रॅक्टनला हवी होती ती वेस, ते लोक, तो आक्रोश, सर्व होते. वैद्यकीय तपासणी मात्र दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता झाली. सत्र न्यायालयाने आरोपी सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा सोडले. अंगावर जखम नव्हती, म्हणून प्रतिकार नव्हता, म्हणून संमती होती, अशी ती विचारमालिका. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायद्याच्या अध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांस उघड पत्र लिहिले तेव्हा देश हलला. सांगावयाचे एवढेच की उशीर नव्हता तेव्हा जखम नव्हती, जखम असती तर ती दुसऱ्या कोणाची ठरती. न ऐकण्याचा निश्चय झालेल्या कानास निमित्त कधी कमी पडत नाही.

आता मी माझ्या गावाकडे वळतो, कारण उशीर ही वस्तू काय आहे हे दिल्लीच्या निकालांपेक्षा वडवणीच्या रस्त्यावर अधिक स्पष्ट दिसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या तालुक्यातील गावे निम्मी रिकामी होतात. उसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे या बाजूंस आणि पलीकडे कर्नाटकात जातात. नवराबायकोचा मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादमाने आगाऊ दिलेली रक्कम ती उचल. उचल फिटेपर्यंत कोयता मुकादमाचा. फडाच्या कडेला पाचटाची कोपी, पहाटे अंधारात तोड, रात्री-अपरात्री गाडी भरणे. दार नाही, दिवा नाही, शेजारी आपले नाहीत. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलात परत. या पाच-सहा महिन्यांत कोपीत जे घडेल त्याची फिर्याद कोणी, कोठे, केव्हा द्यावी?

अशाच एका बाईबरोबर मी एका ठाण्यावर गेलो होतो. ठाण्याचे नाव सांगत नाही. सांगण्याचे प्रयोजनही नाही, कारण ते नाव बदलून दुसरे घातले तरी हकिगत बदलणार नाही. बाई माझ्या एका विद्यार्थ्याची आई. जानेवारीत फडावर तिला मारहाण झाली होती आणि तिच्या गळ्यातील चार मणी व पाटल्या जबरीने काढून घेतल्या होत्या. आम्ही गेलो ते एप्रिलच्या अखेरीस. अंमलदाराने ऐकून घेतले असे म्हणता येणार नाही, पहिल्या दोन वाक्यांनंतर तो म्हणाला, “बाई, जानेवारीतलं आता सांगता? आणि ती हद्द आमची नाही. तिकडंच का नाही दिली?”

“साहेब, तिकडं आमचं कोण हाय? ठाणं कुठं हाय ते बी ठावं नव्हतं. पट्टा पडल्याबिगर मुकादम हालू देतोय व्हय? उचल अंगावर हाय.”

“मग आता कशाला आलात?”

“आता घरी आले म्हणून आले.”

या उत्तरात मला कायद्याच्या सगळ्या ग्रंथांहून अधिक तर्कशुद्धता दिसली. ‘आता घरी आले म्हणून आले.’ जेथे ती सुरक्षित नव्हती तेथे ती बोलली नाही. जेथे सुरक्षित झाली तेथे पहिल्याच आठवड्यात बोलली. तिच्या बाजूने पाहिले तर तिने मुळीच उशीर केला नव्हता. पण तिकडचे ठाणे म्हणणार, उशिरा आलीस. इकडचे म्हणणार, आमची हद्द नाही. आणि या दोन वाक्यांच्या मधल्या अंतरात दर हंगामातले कित्येक गुन्हे नुसते पडून राहणार. हद्दीचा अडसर कायद्याने काढला आहे. कोणतेही ठाणे शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून योग्य त्या ठाण्याकडे पाठवू शकते, किंबहुना त्याने पाठविलाच पाहिजे. हे मी अंमलदारास नम्रपणे सांगितले. तो म्हणाला, “सर, तुम्ही कॉलेजात शिकवा.”

आम्ही अधीक्षकांकडे टपालाने अर्ज केला. सुमारे तीन आठवड्यांनी फिर्याद नोंदली गेली. तिची प्रत विद्यार्थ्याने मला आणून दिली तेव्हा मी ती आयुष्यात प्रथमच अथपासून इतिपर्यंत वाचली. आमच्यासारखे लोक गुन्ह्यांवर व्याख्याने देतात आणि प्रथम खबरीचा छापील नमुना वाचीत नाहीत! त्या नमुन्यात ओळीने रकाने आहेत. पहिल्यात जिल्हा व ठाणे, दुसऱ्यात कायदा व कलमे, तिसऱ्यात घटनेची व खबर मिळाल्याची वेळ, आणि असे करीत करीत आठव्यात: खबर देणाऱ्याकडून तक्रार करण्यास झालेल्या विलंबाची कारणे. मी ते दोनदा वाचले. ज्या प्रश्नाने त्या बाईस दारातून परत लावले होते तो प्रश्न सरकारने रीतसर छापून ठेवला होता. पण तो पहिल्या रकान्यात नव्हता. आधी गुन्हा लिहावा, आरोपी लिहावा, आणि मग, लिहिता लिहिता, तिला उशीर का झाला हेही विचारून लिहावे, असा तो क्रम. ज्याने तो नमुना तयार केला त्या अनामिक कारकुनास न्यायाची समज आमच्या विद्वानांपेक्षा अधिक होती.

त्या बाईच्या प्रतीत आठव्या रकान्यात एकच शब्द होता: ‘निरंक’.

पट्टा नाही, उचल नाही, कोपी नाही, परका मुलूख नाही. अंमलदारापुढे तीन वेळा सांगितलेले कारण कागदावर शून्य झाले. आणि उद्या या खटल्यात आरोपीचा वकील उभा राहील तेव्हा प्रथम हेच म्हणेल की, पाहा, चार महिन्यांचा उशीर, आणि त्याचा खुलासा फिर्यादीत एका अक्षराने नाही. आज सांगितलेले कारण नंतर सुचलेले आहे. न्यायालयाने तरी काय करावे? उशिराचा खुलासा द्या, असे न्यायालय म्हणते. खुलासा बाईने दिलेला असतो. तो लिहून घेण्याची जागा छापलेली असते. आणि ती रिकामी ठेवून ठाणे मोकळे होते. माझा पोलिसांवर आरोप आहे तो एवढाच, आणि तो मी पूर्ण विचाराने करतो: उशीर त्यांस शिक्षेसारखा वापरता येतो, पुराव्यासारखा लिहिता येत नाही.

उशीर केवळ अब्रूपायी किंवा पोटापायी होतो असेही नाही. आमच्या जिल्ह्यात तो भयापायीही होतो, आणि तो पुरुषांसही होतो, कंपन्यांसही होतो. केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण होऊन खून झाला. त्या आधी ६ डिसेंबरला तेथील पवनऊर्जा प्रकल्पाच्या जागी मारहाण झाली होती, आणि त्याही आधी नोव्हेंबरच्या अखेरीस त्या प्रकल्पाच्या कंपनीकडे दोन कोटींची खंडणी मागितली गेल्याचा आरोप आहे. त्या खंडणीचा गुन्हा नोंदला गेला तो ११ डिसेंबरला, सरपंचाचा खून झाल्यानंतर दोन दिवसांनी. खटल्याच्या गुणदोषांत मी शिरत नाही. परंतु ज्या कंपनीच्या पदरी वकील आहेत, पहारेकरी आहेत, मोटारी आहेत, तिच्याही माणसांस ठाण्याची वाट इतकी लांब वाटत असेल, तर फडावरच्या बाईस ‘लगेच का नाही आलीस’ म्हणून विचारणाऱ्याने आधी आपल्या ठाण्यासमोरचा रस्ता मोजून पाहावा.

पोलिसांची अडचण मला ठाऊक नाही असे नाही. माझे कित्येक विद्यार्थी त्या खात्यात आहेत. बंदोबस्त, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे, अपुरी माणसे, आणि वर गुन्ह्यांचा आकडा वाढला की वरिष्ठांकडून होणारी झाडाझडती. तेव्हा न लिहिलेला गुन्हा हाच सर्वांत स्वस्त गुन्हा, हे गणित त्यांस कोणी शिकवावे लागत नाही. आणि उशिराने तपास खरोखर कठीण होतो. डाग धुतले जातात, व्रण बुजतात, कोपी मोडून पाचट जळते, साक्षीदार दुसऱ्या कारखान्यावर जातो. पण यातून निष्पन्न काय होते? रोग अंगात मुरल्यावर आलेल्या रोग्यास वैद्याने तुला उशीर झाला म्हणून परत पाठवावयाचे, की इतरांच्या आधी आत घ्यावयाचे? भ्रमणध्वनीच्या कंपन्या संभाषणांच्या नोंदी काही काळच ठेवतात. ठाण्यांतील कॅमेऱ्यांची चित्रे अठरा महिने, निदान वर्षभर तरी, जपावीत असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सांगितले. म्हणजे उशिरा आलेल्या फिर्यादीचा एकेक दिवस ताज्या फिर्यादीच्या दिवसापेक्षा मोलाचा आहे. बाईने चार महिने लाविले, ही एक गोष्ट. त्यावर ठाण्याने आणखी तीन आठवडे घातले, ही दुसरी. पहिल्या उशिराचा जाब विचारणारे पुष्कळ आहेत. दुसऱ्या उशिरासाठी नमुन्यात रकानाच नाही.

खोट्या फिर्यादींचे भय दाखविणारांस माझे उत्तर हेच आहे. खोटे सांगणाऱ्यास उशिराचे कारण लिहून द्यावयास लावा. त्या दिवशी तो कोठे होता, कोणास भेटला, कोणास सांगितले, सर्व लिहून घ्या आणि तपासा. खोट्याचा धागा तेथेच सुटेल. दारातून हाकलल्याने खोटा फिर्यादी हरत नाही. तो पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन परत येतो. हरते ती जिच्याजवळ चिठ्ठी नाही ती.

गेल्या मार्चात पुन्हा एकीबरोबर जाण्याचा प्रसंग आला. ठाणे वेगळे, अंमलदार तरुण. त्यानेही तोच प्रश्न विचारला. मी म्हणालो, “साहेब, विचारा, अवश्य विचारा. फक्त आठव्या रकान्यात लिहीत लिहीत विचारा.” त्याने संगणकावर नमुना उघडला, रकाना शोधला आणि काहीसा ओशाळून म्हणाला, “सर, इथं आम्ही काही भरत नाही.” मग त्याने बाईस खुर्ची दिली. “सांगा मावशी, उशीर का झाला?” बाई आधी माझ्याकडे पाहू लागली, मग सांगू लागली. तो लिहीत गेला. सासूचे दुखणे, सावकाराचा भाचा, थोरलीचे ठरलेले लग्न, एकदा ठाण्याच्या कोपऱ्यापर्यंत येऊन परत गेलेली ती सकाळ. पाऊण तास झाला. आठव्या रकान्याच्या चौकटीत एवढा मजकूर मावेना. शेवटी निराळा कागद जोडावा लागला.